मापात आहे, पण गोल नाही

छोटे कारखानदार एकत्र जमले की ऑर्डरी, बँक, वसुली हे सगळं बोलून होतं आणि मग कुणीतरी सुस्कारा सोडतं, "बाकी सगळं जमेल हो, पण माणसं मनावर घेत नाहीत." लगेच उपाय निघतात. सहलीला न्या, चांगला वक्ता बोलवा, हजेरीचं बक्षीस लावा. माझं निरीक्षण असं, की ज्याच्याकडे पगार ठरल्या तारखेला होत नाही तोच 'मोटिव्हेशन'वर सगळ्यात जास्त वेळ बोलतो.

माझा कारखाना म्हणजे जॉबवर्कचं एक शेड. जुने लेथ, दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं), एक सेंटरलेस ग्राइंडर (घासून गोल करणारा), डीबरिंगची म्हणजे कापलेल्या कडेची कुसळं काढायची टेबलं, आणि माणसं इतकी मोजकी की कोण रजेवर आहे ते सकाळी नुसत्या आवाजावरून कळतं. वडिलांनी उभं केलं, आता मी चालवते. मी मूळची हिशेबातली. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं उपकरण, हातात धरायला इथं आल्यावर शिकले, आणि रॅचेट जास्त फिरवला तर आजही मला बिनदिक्कत टोकतात.

जॉबवर्क म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. ड्रॉइंग दुसऱ्याचं, माल बहुतेकदा दुसऱ्याचा, नाव तर नक्कीच दुसऱ्याचं. आपल्याकडे येतो तो पार्ट नंबर. तो पार्ट कुठल्या यंत्रात बसतो, ते यंत्र कोण वापरतं, काही पत्ता नसतो. वर्षानुवर्षं एकच स्पिंडल काढणारा ऑपरेटर रस्त्यात ते यंत्र समोर आलं तरी ओळखणार नाही. अशा कामात 'ध्येय' आणायचं कुठून, हा प्रश्न माझ्यापुढे जरा जास्तच उघडावाघडा उभा होता.

एका सल्लागाराने सांगितलं, ध्येयवाक्य करा. केलं. त्यात 'उत्कृष्टता' होती, 'ग्राहकांचं समाधान' होतं, 'सातत्य' होतं. फ्रेम करून दारापाशी लावलं. शिफ्ट सुटली की पोरं त्या काचेत बघून केस विंचरायची. फ्रेमचा तेवढा उपयोग मात्र नक्की झाला.

हिशेबनीस असल्यामुळे मला फ्रेडरिक हर्झबर्ग हा मानसशास्त्रज्ञ जवळचा वाटतो. १९५९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास मांडला, आणि त्यात बोलतं केलं होतं ते दोनशेच्या वर इंजिनिअरांना आणि हिशेबनिसांना. प्रश्न साधे होते: कामात फार बरं वाटलं असा प्रसंग सांगा, फार वाईट वाटलं असा प्रसंग सांगा. उत्तरं एकाच यादीची दोन टोकं असतील असं कुणालाही वाटलं असतं. निघाल्या दोन वेगळ्याच याद्या. वाईट वाटण्याच्या यादीत कंपनीचे नियम, वरच्यांची वागणूक, पगार, कामाची जागा. बरं वाटण्याच्या यादीत काहीतरी जमल्याचा आनंद, कुणी घेतलेली दखल, खुद्द काम, जबाबदारी. मतलब असा की पगार आणि पंखे नीट असले तर माणूस चिडत नाही, पण तेवढ्याने रमतही नाही. आणि ते नीट नसले तर बाकीची यादी उघडायचीच नाही.

या अभ्यासावर पुढे पुष्कळ टीका झाली. माणूस यशाचं श्रेय स्वतःला देतो आणि अपयशाचं खापर कंपनीवर फोडतो, त्यामुळे अशी उत्तरं येणारच, हा त्यातला मुख्य आक्षेप. मला तो पटतो. तरीही कारखाना चालवताना ही विभागणी कामाची पडते, कारण आपण नेमके उलटे वागतो. एक्झॉस्ट बंद पडून महिना झालेला असतो आणि आपण 'महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी' म्हणून कुणाचा तरी फोटो लावत असतो.

इन्सेंटिव्हचंही असंच. वडिलांच्या काळापासून आमच्याकडे नगावर जादा पैसे होते. आकडे झकास दिसायचे. एकदा तपासणीचे चार्ट घेऊन बसले. नियम असा की दर तासाला पीस मोजायचा आणि माप लिहायचं. चार्टवर दिवसभराची मापं एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात, एका दमात लिहिलेली. कुणी लबाड होतं म्हणून नव्हे. मोजायला थांबलं की नग कमी होतो, एवढंच त्यामागचं गणित. आपण ज्याचे पैसे देतो ते आपल्याला मिळतं. आम्हाला नग मिळत होते. नगावरचे पैसे काढून सगळ्यांच्या मूळ पगारात घातले तेव्हा काही दिवस उत्पादन खाली आलं, आणि रिवर्कचा, म्हणजे पुन्हा दुरुस्त करायच्या मालाचा, ढीगही खाली आला.

एडवर्ड डेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. काहींना मधल्या एका सत्रात सोडवलेल्या कोड्यामागे पैसे दिले. नंतर पैसे थांबल्यावर हीच मुलं रिकाम्या वेळात कोड्याला कमी हात लावू लागली, ज्यांना पैसे दिलेच नव्हते त्यांच्यापेक्षाही कमी. १९९९ मध्ये डेसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, आणि आधीच सांगून ठेवलेलं बक्षीस आवडीच्या कामातली गोडी कमी करतं असं त्यात दिसलं. मुळातच कंटाळवाण्या कामाला हे फारसं लागू नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण "पैशाने काही होत नाही हो" हे वाक्य पगार न वाढवण्यासाठी वापरणारे मालक मी बघितलेत. प्रयोगशाळेत ठोकळे जुळवणाऱ्या विद्यार्थ्याला त्यावर घर चालवायचं नव्हतं.

आता पिनची गोष्ट.

आमच्याकडे एक पिन चालते. दहा मिलिमीटर व्यास, ड्रॉइंगवर टॉलरन्स एच-सिक्स. म्हणजे व्यास दहाच्या वर जाता कामा नये आणि खाली फार तर नऊ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शेवटचा हात सेंटरलेस ग्राइंडरवर मारला जातो. या पार्टबद्दल तक्रार आली की 'सांध्यात आवाज येतो'. आम्ही मायक्रोमीटर लावला, गेज लावला, सगळं ओके. रिपोर्ट पाठवला. पुन्हा तक्रार. पुन्हा ओके. असे कागद इकडून तिकडे फिरत राहिले तर दोन्ही बाजूंना खात्री पटते की समोरचा मूर्ख आहे.

शेवटी मी फोन करून विचारलं की ही पिन बसते कशात. उत्तर आलं, कृत्रिम पायाच्या गुडघ्यात.

त्यांच्या परवानगीने आमची माणसं तिकडे गेली. ग्राइंडिंगवाले काका, सीएनसीवरचा मुलगा, डीबरिंगची ताई, आणि मी. तिथं एक शिक्षक होते, अनेक वर्षं कृत्रिम पाय वापरणारे. त्यांनी पँट वर करून गुडघा दाखवला, मग चालून दाखवलं. प्रत्येक पावलाला बारीक 'टक्'. आम्ही दिवसभर मशीनच्या आवाजात राहणारी माणसं, आम्हाला ते विशेष वाटलंही नाही. ते म्हणाले, "वर्गात पोरं पेपर लिहीत असतात ना, तेव्हा मी रांगांमधून फिरत नाही. टेबलापाशी बसून राहतो. फिरलो की सगळी वर बघतात."

काकांनी त्यांच्याकडे परवानगी मागितली, गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांना पुन्हा एकदा पाय वाकवायला सांगितलं. डोळे मिटून नुसता हात. मग मला म्हणाले, "ताई, पिन मापात आहे. पण गोल नाही."

याचा अर्थ मला परतीच्या वाटेवर कळला. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये पीस दोन चाकांच्या मध्ये एका ब्लेडवर टेकलेला असतो, त्याला सेंटरमध्ये धरून ठेवणारं काही नसतं. पिनचं केंद्र दोन्ही चाकांच्या मध्यरेषेच्या किंचित वर ठेवावं लागतं. उंची चुकली की पिन तीन कोपऱ्यांची होते, म्हणजे डोळ्याला गोलच दिसते पण तीन ठिकाणी जराशी फुगलेली. आणि मायक्रोमीटर समोरासमोरच्या दोन बिंदूंतलं अंतर मोजतो. तीन फुगवट्यांच्या पिनमध्ये एका बाजूला फुगवटा असतो तेव्हा समोर सपाटी येते, त्यामुळे कुठूनही मोजा, माप तेच. दहा वेळा मोजलं तरी ओके. तीच पिन व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर, ठेवून वर काट्याचा डायल लावला आणि हाताने फिरवली की काटा नाचायला लागतो. दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्यांना बोलावून तो नाचणारा काटा दाखवला. ब्लेडची उंची बदलली, पुन्हा पिन काढली, काटा जवळजवळ जागचा हलेना.

मी विचारलं, "काका, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "मापात आहे ना, मग पाठवा, असं तुमचे वडील म्हणायचे. तुम्हीही म्हणता. कुणी विचारलंच नाही गोल आहे का."

या संवादावर मी खूप विचार केला आहे. आमच्याकडे उमेद कमी नव्हती आणि ज्ञानही कमी नव्हतं. दोन्ही त्या ग्राइंडरपाशी कित्येक वर्षं उभी होती. 'मापात आहे ना, मग पाठवा' या एका वाक्याने त्यांना गप्प केलं होतं. माणसं कामाला लागतात तेव्हा बहुधा उत्सुक असतात. पहिल्या आठवड्यातला नवा मुलगा बघा, किती प्रश्न विचारतो. सहा महिन्यांनी तो विचारेनासा होतो. त्या सहा महिन्यांत आपण काय करतो ते शोधावं, बाहेरून वक्ता आणण्याआधी.

काम ज्याच्यासाठी आहे तो माणूस प्रत्यक्ष दिसला की काय होतं, यावर मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २००७ मधला प्रयोग आहे. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारी मंडळी. दिवसभर नकार ऐकायचं काम. त्यातल्या एका गटाची त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटं भेट घडवली. महिन्याभराने त्या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. दुसऱ्या एका गटाला अशाच विद्यार्थ्याचं पत्र फक्त वाचायला दिलं होतं. त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आमच्या फ्रेममधल्या ध्येयवाक्याचं काय झालं हे मला इथं नीट समजलं. वाचून होत नाही, भेटावं लागतं.

पण एक सांगते, अशी भेट हा सिनेमा करायचा नाही. आमच्या एका ओळखीच्या कारखानदाराने हे ऐकलं आणि कॅमेरावाला घेऊन जायची तयारी केली. ज्यांना भेटायला जायचं ती माणसं आपल्या कामगारांना स्फूर्ती देण्यासाठी जन्माला आलेली नाहीत. आम्ही गेलो ते तक्रार समजून घ्यायला. काम निघालं होतं म्हणून त्या भेटीला अर्थ होता.

आणि दुसरं, सगळ्याच पार्टच्या टोकाला असा गुडघा सापडत नाही. आमचं निम्म्याहून जास्त काम पॅकिंग मशीनचे बुश, व्हॉल्व्हचे स्पिंडल असलं आहे. एका व्हॉल्व्हचा पाठपुरावा केला तर तो कुठल्या तरी इमारतीच्या पाण्याच्या टाकीपाशी निघाला. पोरं हसली, संपलं. तरीपण आता नवा पार्ट आला की ड्रॉइंगच्या शेजारी 'कुठं बसतो' अशी एक ओळ लिहायची पद्धत पडली आहे. ती ओळ भरण्यासाठी मला गिऱ्हाइकाला फोन करावा लागतो. काही सांगतात, काही गुप्ततेचं कारण देतात. त्या ओळीवरून पुष्कळदा कळतं की ड्रॉइंगवरची कुठली मापं खरंच जिवाची आहेत आणि कुठली ड्राफ्ट्समनने सवयीने टाकली आहेत.

गुडघा नसलेल्या कामाचं काय, तर तिथं माझा अनुभव असा की ध्येयापेक्षा अधिकार जास्त उपयोगी पडतो. आम्ही ठरवलं, मशीन कुणीही थांबवू शकेल. कुणीही म्हणजे कुणीही, स्वतःचं नसलं तरी. ही कल्पना माझी नाही. टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर दोरी असते (हल्ली बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी बटण). ओढली की दिवा लागतो, गटाचा प्रमुख येतो, आणि त्या टप्प्याच्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. त्याची मुळं टोयोटा उद्योगाचा मूळपुरुष साकिची टोयोदा याच्या कापड विणायच्या मागापर्यंत जातात. १९२४ चा त्याचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. माग थांबतो यात कुणाला काही वाटत नाही. माणसाने थांबवलं तर मात्र मालकाच्या कपाळाला आठ्या पडतात.

पहिल्यांदा मशीन थांबवलं ते डीबरिंगच्या ताईने. तिच्याकडे येणाऱ्या बुशना बर, म्हणजे कडेची कुसळं, जास्त यायला लागला होता, कानस जास्त फिरवावी लागत होती. माप अजून हललेलं नव्हतं. इन्सर्टची, म्हणजे मशीनमधल्या कापणाऱ्या टोकाची, धार जायला लागली की आधी बर वाढतो आणि माप नंतर सरकतं, हे तिला बोटांना कळत होतं, पण सांगायची सोय नव्हती. ती उठली, सीएनसीपाशी गेली आणि थांबव म्हणाली. ऑपरेटर तिच्यापेक्षा सीनियर. गाडी माल न्यायला दारात उभी. सगळं शेड माझ्याकडे बघायला लागलं. इन्सर्ट काढून भिंगाखाली धरला, तर कोपऱ्याला टवका उडालेला. गाडी उशिरा गेली. गिऱ्हाइकाला फोन मी केला, ऑपरेटरला करू दिला नाही.

सोपं होतं ते, कारण ती बरोबर होती. खरी परीक्षा पुढच्या वेळी झाली. दुसऱ्या एकाने मशीन थांबवलं आणि काहीच निघालं नाही. आवाज बदलल्यासारखा वाटला म्हणाला. शोधाशोध केली, वेळ गेला, मशीन ठणठणीत. त्या क्षणी तोंडातून "जरा बघून थांबवत जा" एवढं जरी निघालं असतं तरी ती दोरी पुन्हा कुणी ओढली नसती. मी "बरं झालं बघितलं" म्हणून केबिनमध्ये गेले आणि तिथं एकटीने चरफडले. मालकाने कुठं चरफडायचं हे ठरलेलं असावं.

माझ्या आवडीचा प्रयोग हिशेबाचा. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जॅक स्टॅक आणि त्याच्या सहकारी मॅनेजरांनी जुनी इंजिनं नव्यासारखी करून देणारा कारखाना इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीकडून विकत घेतला. डोक्यावर कर्ज अफाट. त्यांनी सगळे हिशेब कामगारांपुढे मांडले आणि ताळेबंद वाचायला शिकवला. मी हे वाचलं तेव्हा हिशेबनीस म्हणून अंगावर काटा आला. हिशेब झाकून ठेवायची आम्हाला सवय. शिवाय भीती होती: नफा दिसला तर पगारवाढ मागतील, तोटा दिसला तर सोडून जातील.

सुरुवात फळ्यावर केली. महिन्याची विक्री, मालाचा खर्च, पगार एकत्र (कुणाचा किती ते नाही), वीज, कर्जाचा हप्ता, स्क्रॅपमध्ये गेलेला पैसा, उरलेलं. पहिल्या बैठकीत शुकशुकाट. दुसऱ्या बैठकीत पॅकिंगवाल्या मुलाने हात वर केला. "मॅडम, इथं उरलेत म्हणून लिहिलंय, मग मागच्या आठवड्यात टूल आणायला तुम्ही थांबा का म्हणालात?"

नफा आणि रोकड यातला फरक समजायला मला कॉलेजात एक सत्र लागलं होतं. मी फळ्यावर काढून दाखवलं: माल गेला म्हणजे विक्री झाली, पण पैसे आले नाहीत. आमची बरीचशी गिऱ्हाइकं ज्या महिन्यात बिल लागलं त्या महिन्याच्या अखेरीपासून दिवस मोजतात. तो म्हणाला, "म्हणजे माल तीस तारखेला गेला काय आणि पंधरा तारखेला गेला काय, पैसे एकाच दिवशी. पण एक तारखेला गेला तर महिना लांबतो?" बरोबर. "मग आपण महिनाअखेरीला तयार पेट्या गाडी भरायची म्हणून दोन दिवस ठेवतो ते कशाला?"

कशाला, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. गाडी पूर्ण भरली की भाडं वाचतं म्हणून. वाचलेलं भाडं आणि लांबलेल्या महिन्याचं व्याज त्यानेच कागदावर शेजारी शेजारी मांडलं. आता शेवटच्या आठवड्यात काय आधी निघायचं ते तो ठरवतो. मला विचारत नाही, सांगतो.

पगारवाढ मागतील ही भीती खरी ठरली, मागितली. पण आता मागणी फळ्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून येते आणि मलाही "बघू पुढे" म्हणून सुटता येत नाही. हे मला गैरसोयीचं आहे, आणि मी ते चालू ठेवणार आहे.

सगळं असंच छान चाललंय असं वाटायला नको. आमच्याकडे लेथवर एक जण आहेत. वेळेवर येतात, नीट काम करतात, वेळेवर जातात. कुठल्याच बैठकीत बोलत नाहीत. मी एकदा बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला काही वेगळं करायचंय का, काही शिकायचंय का. ते म्हणाले, "मॅडम, माझी भजनी मंडळी आहे. मृदंग वाजवतो. माझा जीव तिकडे. इथं आठ तास चोख देतो, तेवढं पुरे ना?" पुरे आहे. अगदी पुरे आहे. मानसशास्त्रज्ञ एमी रेझनेस्की आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लिहिलं होतं की लोक कामाकडे तीन तऱ्हांनी बघतात: पोटापाण्याचं साधन, वर चढायची शिडी, किंवा मनाची ओढ. गंमत म्हणजे एकाच प्रकारचं काम करणाऱ्या चोवीस कार्यालयीन सहायकांतही हे तिन्ही गट साधारण सारखेच निघाले. आपल्या कारखान्यावर प्रेम करा असा हट्ट धरणारा मालक मला पगार बुडवणाऱ्याइतका वाईट वाटत नाही, पण त्याच्या शेजारी बसवावासा वाटतो.

छोट्या जागेची एक अडचण मात्र सुटत नाही: वर जायला जिना नाही. हेल्परचा ऑपरेटर, ऑपरेटरचा सेटर (मशीन लावून देणारा), पुढे मी. म्हणून भिंतीवर तक्ता केला आहे, आडवी मशीनं, उभी माणसं, प्रत्येक चौकटीत चार भागांचं वर्तुळ. शिकतोय, कुणी शेजारी असलं तर जमतं, एकट्याला जमतं, दुसऱ्याला शिकवता येतं. चौथा भाग भरला की पगारात फरक पडतो. शिकून माणसं जातातही. आमचा एक पक्का सेटर गेला, स्वतःचं मशीन टाकलं, आता आमचंच जास्तीचं काम करतो आणि दरात माझ्याशी वाद घालतो. त्याला हिशेब आम्हीच शिकवला होता.

राहता राहिलं माझं स्वतःचं ध्येय. सल्लागार विचारतात, 'तुमचा उद्देश काय?' वडिलांचं होतं म्हणून मी आले, दुसरं कारण नव्हतं. मला मशीनची ओढ नव्हती, आजही फारशी नाही. काही वर्षं मी नुसती हप्ते फेडत होते. पण आता विचारलं तर सांगता येईल. मला तो क्षण आवडतो जेव्हा कुणीतरी फळ्यासमोर उभं राहून "थांबा, हा आकडा चुकलाय" म्हणतं आणि खरोखर चुकलेला असतो. डीबरिंगची ताई सेटिंग शिकते आहे, तिच्या वर्तुळाचे दोन भाग भरलेत, तिसरा मला बघायचा आहे. एवढ्यासाठी सकाळी शेड उघडावंसं वाटतं. हे फ्रेममध्ये लिहिण्यासारखं नाही, त्यामुळे फ्रेम काढून टाकली. त्याबरोबर आरसा गेला म्हणून तक्रार आली, मग खरा आरसा लावला.

गेल्या तिमाहीत फळ्यावर थोडे पैसे शिल्लक दिसले. त्यांचं काय करायचं ते मी सगळ्यांवर सोडलं. काकांना राउंडनेस टेस्टर हवा होता. जुना का होईना, पण गोलाई कागदावर छापून देणारा. त्यांनी गुडघ्याची पिन हातात घेऊन जोरदार बाजू मांडली, शिक्षकांचंही नाव काढलं. समोरून मागणी आली ग्राइंडिंग आणि सीएनसीपाशी कूलंटची वाफ ओढून घेणाऱ्या एक्झॉस्टची. त्या बाजूने बोलणारा मुलगा एवढंच म्हणाला, "घरी गेल्यावर उशीला वास येतो."

मतं पडली, एक्झॉस्ट जिंकला. काकांनीही शेवटी एक्झॉस्टलाच मत दिलं असं नंतर कळलं. डक्ट बसवून झाले आहेत. पुढच्या तिमाहीत टेस्टरचा विषय परत येणार आहे आणि काका आतापासूनच जाता-येता एकेकाला व्ही-ब्लॉकवरचा काटा दाखवत आहेत.